वळणावर तेल जातं कुठं?

आजची गोष्ट इंजिनाच्या चेंबरमधल्या तेलाची आहे. विषय ऐकून लगेच स्किप करू नका. या तेलापायी मी एका मित्राला सगळ्यांसमोर दोषी ठरवलं होतं. तो बरोबर होता आणि मी चूक, हे कळायला मला शंभर वर्षं मागे जावं लागलं.

मी मूळचा शहागडचा. जालना जिल्हा, अंबड तालुका. सोलापूर–धुळे महामार्गावर गोदावरीच्या काठाला आमचं गाव आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. आमच्याकडं रेसिंग म्हटलं की लोकांना बैलगाड्यांचा शंकरपट आठवतो, मोटारींचा ट्रॅक कुणी पाहिलेला नाही. पण इंजिनीअरिंगला गेलो आणि कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये घुसलो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. विद्यार्थ्यांनी स्वतः एक छोटी, एका माणसाची रेसकार बनवायची आणि स्पर्धेत उतरवायची, असा हा प्रकार. अमेरिकेत १९८१ मध्ये सुरू झाला, इंग्लंडात १९९८ मध्ये गेला, आणि आपल्याकडं 'सुप्रा' नावानं २०११ पासून होतो. बहुतेक टीम बाईकचं इंजिन वापरतात, कारण ते हलकं असतं आणि मिळतं. आम्हीही तेच केलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक इंजिनाची नव्हतीच.

या स्पर्धेत स्किडपॅड नावाचा एक राऊंड असतो. जमिनीवर इंग्रजी आठचा आकडा आखायचा. आधी उजव्या गोलात दोन फेऱ्या, मग डाव्या गोलात दोन. गोल छोटाच असतो, कारच्या वाटेचा व्यास साधारण सव्वाअठरा मीटर. आम्ही कॉलेजच्या पार्किंगमध्ये सराव करत होतो. गाडी चालवायला गेवराईकडचा एक ज्युनियर होता. दुसऱ्या दिवशी तो उतरला आणि म्हणाला, "दादा, डाव्या गोलात ऑइलची लाईट लुकलुकायलीय."

मी काचेतून लेव्हल पाहिली. तेल फुल होतं. म्हटलं, "वायरिंग लूज असेल. तू गाडी चालव."

त्यानं परत सांगितलं. मी परत तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशी डाव्या गोलातून बाहेर पडताना इंजिन ठोकायला लागलं आणि जाम झालं. उघडून बघतो तर कनेक्टिंग रॉडचं खालचं शेल बेअरिंग काळं-निळं पडलेलं, धातू वितळून क्रँकला चिकटलेला. मीटिंगमध्ये मी म्हणालो की यानं गिअर चुकवून इंजिन जास्त फिरवलं. सगळ्यांनी मान डोलावली. तो काही बोलला नाही. आठवड्यानं टीमच्या ग्रुपमधून बाहेर पडला.

आता बघा, बेअरिंग जळतं म्हणजे काय होतं. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये तेलाचा थर असतो, केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट पातळ, आणि शाफ्ट त्या थरावर अक्षरशः तरंगतो. चेंबरच्या तळाशी एक स्ट्रेनर असतो, त्यातून पंप तेल ओढतो आणि बेअरिंगला देतो. स्ट्रेनर उघडा पडला की पंप हवा ओढतो. शेतकऱ्यांच्या पोरांना हे सांगायला नको: विहिरीचं पाणी खाली गेलं, फूटव्हॉल्व्ह उघडा पडला की मोटार एअर धरते. तसंच. फरक एवढाच की विहिरीवरची मोटार जरा वेळ दम धरते. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला १०० वेळा फिरतं. तीन सेकंद तेल नाही म्हणजे ३०० फेऱ्या धातूवर धातू.

पण आमचं तेल तर फुल होतं. मग?

याचं उत्तर मला पहिल्यांदा जत्रेत दिसलं. अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रात मोठी यात्रा असते. सुट्टीत गेलो होतो. मौत का कुआँ लागला होता. लाकडी फळ्यांची विहीर, आणि आत एक जुनी मारुती ८०० भिंतीवर आडवी पळतेय. मी वर उभा राहून दहाच्या नोटा हलवणाऱ्या पोरांकडं बघत होतो आणि डोक्यात एकच किडा. ही गाडी आडवी आहे. नव्वद अंशात. दिवसाला कित्येक खेळ. हिचं इंजिन जळत नाही, आणि आमचं सपाट पार्किंगमध्ये ताशी ३५ किलोमीटरला गेलं?

घरी येऊन हिशोब केला. समजा विहीर १० मीटर व्यासाची आहे आणि गाडी ताशी ४० च्या स्पीडनं फिरतेय. तर तिला भिंतीकडं ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट होतो, म्हणजे अडीच जी. खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण फक्त एक जी. भिंत म्हणजे त्या गाडीची जमीन. त्यामुळं गाडीच्या आतल्या तेलाला विचाराल तर ते म्हणेल, मला तळाकडंच दाबलंय, थोडं तिरकं, साधारण २२ अंश. स्ट्रेनर तेलात बुडालेलाच राहतो. आणि वेग इतका कमी करताच येत नाही की तेल फार तिरकं होईल, कारण त्याआधी टायर सुटतील आणि गाडी खाली येईल.

आता आमचा स्किडपॅड. सहा सेकंदांत एक फेरी म्हणजे बाहेर फेकणारा जोर जवळजवळ एक जी. खाली एक जी, बाजूला एक जी. तेलाचा पृष्ठभाग बरोबर ४५ अंशांत तिरका होतो. आणि हे क्षणभर नाही. डाव्या गोलात दोन फेऱ्या म्हणजे सलग बारा सेकंद तेल चेंबरच्या उजव्या भिंतीवर चढून बसलेलं. आमच्या इंजिनाचा स्ट्रेनर डावीकडं होता. म्हणून लाईट फक्त डाव्या गोलात लुकलुकत होती. वायरिंग लूज असतं तर तिला डावं-उजवं कुठून कळलं असतं? एवढा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

आणि ते इंजिन बाईकवर असतं तर कधीच गेलं नसतं, ही यातली गंमत. बाईक वळणात झुकते. झुकते म्हणजे काय, तर गुरुत्वाकर्षण आणि बाहेरचा जोर यांची बेरीज बरोबर चाकांच्या रेषेत येईल इतकी ती कलते. तेल तळाशीच. बाईकच्या इंजिनाचा चेंबर हे गृहीत धरूनच बनवलेला असतो. आम्ही ते इंजिन काढलं, न झुकणाऱ्या गाडीत घट्ट बोल्ट केलं, आणि वर ड्रायव्हरला शिव्या घातल्या.

मग मी शोधायला लागलो की हा त्रास आधी कुणाकुणाला झाला. आणि गोष्ट मोटारींतून सरळ विमानांत गेली.

सुरुवातीच्या इंजिनांत तेल ओढायचा प्रश्नच नव्हता. क्रँक फिरताना खालच्या तेलात चमचा बुडवल्यासारखा बुडायचा आणि तेल उडवायचा, झालं वंगण. दाबानं तेल देण्याची युक्ती आधी वाफेच्या इंजिनात आली. बर्मिंगहॅमच्या बेलिस अँड मॉरकॉम कंपनीतल्या अल्बर्ट पेन यांनी १८९० मध्ये तिचं पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धातली रोटरी विमान इंजिनं तर एरंडेल वापरायची. हो, तेच आजीवालं एरंडेल. ते एकदा वापरून बाहेर फेकलं जायचं, सगळं पायलटच्या तोंडावर, आणि पोटावर त्याचा जो परिणाम व्हायचा तो तुम्हाला माहितीय. कॅस्ट्रॉल हे नावही कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच आलंय, १९०९ चं.

पण विमान वळतं, कलतं, डाइव्ह मारतं. तिथं तळाशी तेल साठवून भागणार कसं? त्यातून निघालेली वाट म्हणजे तेल इंजिनाखाली ठेवायचंच नाही. एक वेगळी टाकी. एक पंप टाकीतून इंजिनाला तेल देतो, दुसरा पंप इंजिनात खाली पडलेलं तेल लगेच उपसून टाकीत परत टाकतो. यालाच ड्राय संप म्हणतात, कोरडा चेंबर.

याचं एक उदाहरण आपल्या मुंबईत उतरलं होतं. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला आले, भारतीय नागरी विमान वाहतुकीची सुरुवात म्हणतात ती हीच. अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आणलं होतं हे सगळे सांगतात. इंजिनाबद्दल कुणी सांगत नाही. त्या पुस मॉथ विमानाचं जिप्सी थ्री इंजिन उलटं बसवलेलं होतं! क्रँक वर, सिलिंडर खाली लटकलेले. पुढचं नीट दिसावं आणि पंखा जमिनीपासून उंच राहावा म्हणून. आता अशा इंजिनात खाली तेल साठवलं तर ते थेट सिलिंडरमध्येच भरेल. म्हणून वेगळी टाकी हवीच.

आणि त्याच १९३२ साली फ्रान्समध्ये ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली अल्फा रोमिओ ८सी २३०० नं. तिच्यातही ड्राय संप. म्हणजे युक्ती तेव्हाच हातात होती. मग सगळ्या गाड्यांत का आली नाही?

माझं मत सांगतो. टायरमुळं. तेव्हाचे रस्त्यावरच्या गाड्यांचे अरुंद टायर अर्धा-पाऊण जीच्या पुढं जाऊच देत नव्हते. तेल जास्त तिरकं व्हायच्या आत गाडीच घसरायची. टायरची कमजोरी इंजिनाला वाचवत होती. साधा चेंबर स्वस्त, हलका, त्यात एकच पंप. कुठली कंपनी उगाच टाकी आणि जास्तीचे पंप लावेल? मग टायर सुधारत गेले. १९६८ च्या सुमारास फॉर्म्युला वनमध्ये विंग आल्या, १९७१ मध्ये नक्षी नसलेले गुळगुळीत स्लिक टायर आले. आज त्या गाड्या वळणात चार-पाच जी सहज ओढतात. चार जीला तेल ७६ अंशांत उभं राहतं, जवळजवळ भिंतच. तिथं साध्या चेंबरचा विषयच संपतो. रस्त्यावरच्या थोड्या गाड्यांत ड्राय संप आला, पण कधी कधी वेगळ्याच कारणानं. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलचं इंजिन बॉनेट बुटकं ठेवायला ५० अंशांत कलंडवलेलं होतं. जॅग्वार डी-टाईपमध्येही इंजिनाची उंची कमी करायला खालचा चेंबर काढला. पोर्शे ९११ मध्ये तर सुरुवातीपासून होता.

आपल्याकडं काय होतं? तुमच्या आजोबांची जुनी कास्ट आयर्न बुलेट आठवा. ती ड्राय संप होती. टाकी इंजिनाच्या केसमध्येच मागच्या बाजूला ओतलेली, म्हणून दिसायची नाही. महिनाभर उभी राहिली की तेल टाकीतून हळूहळू खाली झिरपायचं आणि किक मारल्यावर गल्लीभर धूर. गावातले म्हणायचे रिंग गेली. रिंग बऱ्याचदा ठणठणीत असायची. आणि पुण्याच्या फिरोदियांची १९७२ ची लुना? तिला हा आजारच नाही. टू-स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, चेंबरच नाही तर रिकामा काय होणार.

मोटारींत मात्र साधा चेंबरच राहिला. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, १०८९ सीसी. ती घराघरात होती, टॅक्सीत होती, आणि ट्यून करून शर्यतीतही होती. शर्यती व्हायच्या कुठं, तर जुन्या विमानतळांवर. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर झाल्या, मद्रासजवळ शोलावरमला तर कित्येक वर्षं. विचार करा, धावपट्टीवर सरळ रेषेत पूर्ण वेग, मग ब्रेक आणि यू-टर्नसारखं लांब वळण. ब्रेकला तेल पुढं पळतं, वळणात बाजूला चढतं, आणि इंजिन तेवढ्यात खालच्या गिअरमध्ये उंच फिरत असतं. पुढं कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन बसवून एक सीटची फॉर्म्युला मारुती बनवली आणि भारतात पोरांना परवडणारं रेसिंग सुरू झालं. इंजिन घरगुती गाडीचं, आणि गाडी आणि टायर शर्यतीचे. आमच्या पार्किंगमधला तोच सांधा.

बरं, ड्राय संप आम्हाला परवडणार नव्हता. पंप, टाकी, होज, वर वजन. दुसरा सोपा उपाय लोक करतात तो म्हणजे अर्धा लिटर जास्त तेल भरणे. थोडं चालतं, पण फार भरलं तर क्रँक तेलात आपटतो, फेस होतो, आणि फेस म्हणजे परत हवाच.

शहागडला माझ्या चुलत्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, महामार्गाला लागून. ट्रॉल्या, गेट, आणि पाण्याचे टँकर. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरचा धंदा काय असतो हे वेगळं सांगायला नको. मी चेंबर घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं.

तात्या म्हणाले, "टँकर वळणावर कधी उलटतो माहितीय का तुला? भरलेला असल्यावर?"

म्हटलं, "हो ना, वजन जास्त."

"न्हाई. अर्धा असल्यावर. भरलेल्या टँकरात पाण्याला पळायला जागाच न्हाई. अर्ध्यात पाणी एकदम एका अंगाला जातं आणि गाडीला घेऊन जातं. म्हणून आत पाट्या टाकतो आम्ही. ये, बघ."

एका रिकाम्या टँकरच्या झाकणातून मला आत उतरवलं. आत लोखंडी पत्र्याच्या आडव्या-उभ्या पाट्या, आणि प्रत्येकीला खाली भोकं. पाणी खालून सरकतं, पण सगळं मिळून धावत नाही. रेसिंगच्या पुस्तकात यालाच बॅफल म्हणतात. माझ्या चुलत्यांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही आणि पाहायची गरजही नाही.

आम्ही ॲल्युमिनियमचा पत्रा कापून स्ट्रेनरभोवती एक छोटा डबा केला. वरून झाकण, म्हणजे तेल भिंतीवर चढून उडी मारू नये. बाजूंना बिजागरीच्या फडक्या, ज्या फक्त आत उघडतात. तेल डब्यात येऊ शकतं, पण वळणात बाहेर जायला लागलं की फडकी बंद होते, फूटव्हॉल्व्हसारखी. बोल्ट सुटून पंपात जाऊ नये म्हणून तारेनं बांधले. तात्यांनी विचारलं, "हे टँकरएवढं करायचं की एवढंच पुरे?" मला हसू आलं, त्यांना नाही.

दुसरं काम केलं ते मोजायचं. ऑइल प्रेशरचा सेन्सर आणि बाजूचा जोर मोजणारा सेन्सर एकाच लॉगरला जोडले. आधी मुद्दाम जुन्या चेंबरवर, हळू वेगात. स्क्रीनवर दोन रेघा. उजव्या गोलात प्रेशरची रेघ सरळ. डाव्या गोलात शिरल्यावर साधारण दोन सेकंदांनी ती खचायला लागली. गोल संपला की परत वर. गिअरचा, आरपीएमचा, ड्रायव्हरचा काही संबंध नाही. मग तात्यांचा डबा बसवला आणि पूर्ण वेगात गेलो. रेघ डाव्या गोलात थोडी वाकली, पण पडली नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली, ट्रॅकवर स्वतःची गाडी नेणाऱ्यांसाठी सांगतो. कंपनीचा ऑइल लाईटचा स्विच फार कमी दाबाला पेटतो, साधारण अर्ध्या बारच्याही खाली. रस्त्यावर, इंजिन आयडलला असताना, ते ठीक आहे. पण उंच आरपीएमवर लाईट एकदा जरी लुकलुकली तर तेवढ्यात बेअरिंगला मार बसलेला असतो. ती वॉर्निंग नाही, पंचनामा आहे. म्हणजे तो पोरगा मला जेव्हा पहिल्यांदा सांगत होता, तेव्हाच खरं तर उशीर झालेला होता. पण तेव्हा थांबलो असतो तर क्रँक तरी वाचला असता.

मी त्या दोन रेघांचा स्क्रीनशॉट त्याला पाठवला आणि फोन केला. म्हटलं, चूक माझी होती, टीमलाही सांगितलंय. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, मी गॅस सोडून पण बघितलं होतं त्या गोलात. तरी लुकलुकायची. ते सांगायचंच राहिलं, तुम्ही ऐकतच नव्हते."

टीममध्ये तो परत आला नाही. पुढच्या गाडीत आम्ही जास्त दाबाला पेटणारा स्विच टाकला, लाईट ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर लावली, आणि नियम केला की ती दिसली तर ड्रायव्हरनं कुणाला न विचारता किल स्विच दाबायचा.